बादलीतला बर्फ

आमच्या गल्लीत अजूनही सांगतात की गांगुर्डेकाकांचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला, आणि तोही नेमका स्वतःच्या बायकोच्या वेळी. सांगणारे वाईट बुद्धीने सांगत नाहीत. एवढा पक्का माणूस, पण घरचं माणूस गेल्यावर त्याचंही डोकं चाललं नाही, असा त्यांचा सूर असतो. ऐकणारे मान हलवतात. मी तिथे असले तर खाली बघते. मला लिहायची सवय नाही, आमच्या घरात आजवर कोणी साधं पत्रही लिहिलेलं नाही. पण ही गोष्ट अशीच राहू नये असं मला वाटतं, म्हणून प्रयत्न करते आहे.

पंचवटीच्या बाजूला, पेठ रोडच्या अलीकडे, एक जुना बर्फाचा कारखाना होता. माझे वडील तिथे वॉचमन. आम्ही पेठकडून नाशिकला आलो तेव्हा मालकाने कारखान्याच्या मागच्या चार खोल्यांपैकी एक आम्हाला राहायला दिली. शेजारच्या खोलीत गांगुर्डेकाका आणि काकू. काका कारखान्याचे ऑपरेटर होते. मूळचे पिंपळगावकडचे, शिक्षण नववीपर्यंत. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, पाण्याचा बर्फ करायचं.

अंगाने बारीक, डोक्याला कायम मफलर, मे महिन्यातसुद्धा. कॉम्प्रेसरच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते. मशीनजवळ बोलून उपयोग नसल्यामुळे तिथली सगळी माणसं हातांनी बोलायची. मूठ उघडली की पाणी सोड. दोन बोटं वर केली की बर्फाच्या दोन लाद्या काढ. आणि तळवा खाली करून हवा हळूच दाबल्यासारखी केली की बंद कर. ही सवय काकांच्या घरातही शिरली होती. काकू बोलत सुटल्या की काका काही न बोलता तळवा खाली दाबायचे. काकू म्हणायच्या, "मी काय मशीन हाय का, बटण दाबलं की बंद पडायला?" आणि मग दुप्पट बोलायच्या.

काकांचे हात बर्फासारखे गार असत. गल्लीत कोणाच्या पोराला ताप आला की आया डॉक्टरकडे जायच्या आधी काकांना हाक मारायच्या. माझ्या धाकट्या भावाला एकदा खूप ताप होता. आईने पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली होती आणि थंडी वाजेल म्हणून वरून गोधडीने पट्टीसकट सगळं झाकलं होतं. काका आले आणि त्यांनी आधी गोधडी कपाळावरून खाली ओढली.

"वहिनी, पट्टी झाकून ठेवलीत तर पाणी जाईल कुठं? त्याला उडू द्या. उडून जाताना ते पोराचा ताप संगं घेऊन जातं. हळूहळू वारा घाला."

आईने वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. बाष्पीभवनाने थंडावा येतो हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहून आले होते. पण घरात ताप आला तेव्हा ते मला आठवलं नव्हतं.

त्या कारखान्याची एक गंमत होती. बर्फाच्या कारखान्यात सगळीकडे गार असेल असं लोकांना वाटतं. पण मागची एक भिंत थंडीतसुद्धा उबदार असायची, कॉम्प्रेसरच्या खोलीची. हिवाळ्यात गल्लीतली कुत्री तिला चिकटून झोपायची. आई माझा कॉलेजचा ड्रेस तिच्यावर वाळवायची. आणि काकू तिच्या कोनाड्यात दह्याचं मातीचं भांडं ठेवायच्या. जानेवारीत नाशिकमध्ये दही लागत नाही, पण काकूंचं लागायचं. त्या भिंतीच्या दह्याची वाटी आमच्याकडे दर सोमवारी यायची.

मी काकांना विचारलं होतं, इथे ऊब कुठून येते.

"पाण्यातून," काका म्हणाले.

"पण पाणी तर गार करता ना तुम्ही?"

"मग पाण्यातली ऊब जाईल कुठं? पाण्याचा बर्फ व्हायचा म्हंजे त्यानं आपली ऊब सोडली पायजे. आम्ही ती काढतो आन् इकडं मागं टाकतो. तुझी काकू त्याच्यावर दही लावते."

"एवढी निघते?"

"लय. नुसतं पाणी गार करायला कायच लागत नाय. पण गार झालेल्या पाण्याचा बर्फ करायला मशीनचा जीव जातो. काट्यावर शून्य दिसतं, पुढं तासन् तास शून्यच दिसतं. नवा माणूस म्हणतो, काका, मशीन बिघडलं. बिघडत नसतं. आत काम चालू असतं."

काकू भांड्याचं झाकण उघडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "या माणसाच्या हाताला कधी ऊब लागली नाय मला. भिंतीला तरी लागली, तेवढंच नशीब."

मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा काकांनी माझं नाव सोडून दिलं आणि मला 'कॉलेज' म्हणायला लागले. "ए कॉलेज, आज काय शिकवलं?" मी सांगायचे आणि ते कानामागे हात धरून ऐकायचे. एकदा आम्हाला प्रॅक्टिकलला बर्फाचा अप्रकट उष्मा काढायचा होता. कोमट पाण्यात बर्फाचे तुकडे टाकायचे, ते वितळले की पाणी किती अंशांनी उतरलं ते बघायचं आणि गणित करायचं. पुस्तकातलं उत्तर ऐंशी. माझं आलं पासष्ट. माझ्या टेबलावरच्या सगळ्यांचं बरोबर एकोणऐंशी किंवा ऐंशी आलं होतं, कारण त्यांनी उत्तरावरून मागे जाऊन आकडे भरले होते. मला ते जमलं नाही. प्रामाणिक होते म्हणून नाही, भीती वाटली म्हणून. आमच्या घरातलं कोणीच आधी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे काय केलेलं चालतं आणि काय चालत नाही, हे विचारायला मला कोणी नव्हतं.

संध्याकाळी काकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझा प्रयोग चुकला.

"काय काढायचं होतं?"

"अप्रकट उष्मा."

"म्हंजे?"

"बर्फ वितळताना जी उष्णता आत घेतो, पण थर्मामीटरवर दिसत नाही, ती."

"दिसत नाय कशी? बादलीत दिसती की."

मला कळलं नाही. काकांनी मला हाताला धरून आत नेलं. फुटक्या लादीचे तुकडे एका टोपल्यात होते आणि टोपल्याखालच्या बादलीत पाणी ठिबकत होतं. "हे पाणी किती गार हाय? हात घाल. आन् आता बर्फाला लाव. सारखंच ना? मग सकाळपासून एवढी गरमी याच्यावर आली, ती गेली कुठं? या पाण्यात गेली. बर्फ मोडण्यात गेली. बादली भरली म्हंजे समजायचं, एवढी गरमी बर्फानं खाल्ली." मग त्यांनी एकदम विचारलं, "तू बर्फ पुसून घेतला व्हतास का?"

"पुसून?"

"टिपून. कोरडा करून. तू ओला तुकडा टाकला असशील. त्याच्या अंगावरचं पाणी आधीच मोडून झालेलं. ते तुझ्या गिलासात जाऊन काय काम करणार? तू मोजलंस बर्फ म्हणून आन् टाकलंस पाणी."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारून टीपकागदाने बर्फ पुसून प्रयोग परत केला. सत्त्याहत्तर आलं. मॅडमनी वहीवर सही केली आणि विचारलं, पुसायचं कोणी सांगितलं. मी 'शेजारच्या काकांनी' म्हणाले. त्यांना वाटलं, काका प्राध्यापक असतील. मी तसंच राहू दिलं.

आता काकांच्या अंदाजाबद्दल सांगते, कारण त्यांचं नाव त्यावरच होतं.

कारखान्यातून बर्फ रसवंतीला जायचा, लग्नांना जायचा, मासळी बाजारात जायचा. आणि ज्यांच्या घरी माणूस गेलेलं आहे आणि मुलगा किंवा लेक लांबून यायची आहे, तिथे जायचा. हा बर्फ काका कोणाच्या हातून पाठवत नसत. स्वतः टेम्पोत बसून जायचे, चप्पल बाहेर काढायचे, आणि घरात शिरताच पहिल्यांदा तळवा खाली दाबून पंखा बंद करायला सांगायचे. बहुतेक घरांत पंखा जोरात चालू असायचा, आणि तो बंद करायचा म्हटलं की कोणीतरी चिडायचंच. काका शांतपणे सांगायचे, "वाऱ्यानं बर्फ लवकर मरतो." मग पत्रा एका बाजूला उतरता ठेवायचा, त्यावर लाद्या, लाद्यांवर गोणपाट आणि चटई, चटईवर गेलेलं माणूस, पत्र्याच्या टोकाखाली बादली. सगळं झालं की घरातला मोठा माणूस विचारायचा, "किती वेळ टिकेल?" काका खोलीकडे बघायचे, छत पत्र्याचं आहे का स्लॅबचं, दार कुठल्या बाजूला, माणसं किती येतील. आणि सांगायचे, "उद्या सकाळी नऊ." मग तासाभराने एकदा येऊन बादली बघून जायचे.

नऊ म्हणजे नऊ. विमानाने येणारे, गाडीने येणारे, सगळे काकांच्या वेळेवर बेतायचे. आता फ्रीजरच्या पेट्या भाड्याने मिळायला लागल्यावर हे काम कमी झालं, तरी जुनी माणसं काकांनाच बोलवायची. "पेटीला लाइट लागते," काका म्हणायचे, "बर्फाला आपली लाइट नाय लागत."

काकांचं कायमचं भांडण एकाच माणसाशी होतं, मासळी बाजारातल्या शकूबाईशी. शकूबाई रोज बर्फ न्यायची आणि मासळीवर टाकला की वरून मूठभर जाडं मीठ मारायची. काकांना ते बघवत नसे.

"शकू, मीठ टाकून टाकून माझा बर्फ मारतीस तू."

"थंड नको व्हायला मासळी? मीठ टाकलं की कसा चावतो बघ हाताला."

"चावतो, पण टिकत नाय ना. चावून चावून मरतो."

"मला कुठं टिकवायचाय? दुपारपर्यंत माल खपतो माझा. तुझ्यासारखी मढी राखत नाय मी."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला होता की पाठ होता. पण ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं. मला वाटायचं, दोघं भांडायला विषय हवा म्हणून भांडतात. आणि माझ्या पुस्तकात स्पष्ट दिलं होतं, बर्फात मीठ मिसळलं तर मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली जातं. म्हणजे शकूबाईचं बरोबर होतं. कारखान्यातही लाद्यांचे डबे मिठाच्या पाण्यातच बुडवतात, हे मी रोज बघत होते. काका नववी शिकलेले. मी मनात ठरवून टाकलं होतं की या एका बाबतीत काकांना माहीत नसावं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत कारखाना पंधरा दिवस बंद होता. थंडीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं, तेव्हाच मशीन खोलून दुरुस्ती करतात. मागची भिंत गार पडली होती. काकूंनी दह्याचं भांडं दाखवत मला सांगितलं, "बघ, नुसतं दूधच हाय. तुझ्या काकांचं मशीन चालू होईपर्यंत ताकाचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना काकू खाली बसल्या, आणि उठल्या नाहीत. डॉक्टर आले, पण काही उरलं नव्हतं.

काका-काकूंना एकच मुलगा, दिनेश. तो सैन्यात, तेव्हा लेहच्या पुढे कुठेतरी होता. माझ्या वडिलांनी काकांना फोन लावून दिला. काका फोनवर फार बोलले नाहीत. "ये. आई हाय इथंच," एवढंच म्हणाले. दिनेशदादा म्हणाला, उद्या दुपारी पोचतो, आईचं तोंड बघितल्याशिवाय काही करू नका. तो दीड वर्ष घरी आला नव्हता.

कोणीतरी फ्रीजरच्या पेटीचं बघितलं, ओळखीच्या दोन्ही पेट्या बाहेर गेलेल्या होत्या. कोणी म्हणालं, सरकारी दवाखान्यात ठेवू. काकांनी मान हलवली. "ती एकटी कधी झोपली नाय," ते म्हणाले. मग मफलर घट्ट केला आणि कारखान्यात गेले. बर्फघरात फक्त चार लाद्या शिल्लक होत्या. मशीन खोललेलं, म्हणजे नवीन बर्फ होणार नव्हता. काकांनी तीन लाद्या काढल्या. पत्रा उतरता ठेवला, गोणपाट घातलं, बादली ठेवली. जसं इतरांच्या घरी करायचे तसंच, फक्त चप्पल काढायला या वेळी ते दारात थांबले नाहीत, ते अनवाणीच होते.

काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, पिंपळगावहून आले. त्यांनीच विचारलं, "किती टिकंल रे?"

"उद्या दुपार."

चार वाजता दिनेशदादाचा फोन आला. खराब हवेमुळे विमान उडालं नव्हतं. आता उद्या सकाळचं. म्हणजे घरी यायला संध्याकाळ. काकांनी चौथी लादी आणून लावली, बादलीकडे बघितलं आणि म्हणाले, "पुरंल. दिवेलागणीपर्यंत पुरंल." आणि भिंतीला टेकून बसले. आप्पा म्हणाले, हा म्हणतो तर पुरेल.

मला मात्र राहवेना. पुरेल, पण अगदी काठावर, हे माझ्या लक्षात आलं होतं. काकूंनी मला पाच वर्षं दही दिलं होतं. आपण एवढं शिकतो, त्याचा आज काही उपयोग व्हावा असं मला फार वाटत होतं. अंधार पडायच्या सुमारास बायका चहाला बाहेर गेल्या आणि काकांचा डोळा लागला होता. मी आमच्या घरातून मिठाच्या दोन पिशव्या आणल्या आणि लाद्यांच्या कडांवर, गोणपाट उचलून उचलून, सगळं मीठ पसरलं. थोड्या वेळाने हात लावून बघितलं. बर्फ खरंच जास्त गार झाला होता, बोट चिकटलं. मला इतकं बरं वाटलं. मी घरी जाऊन आईला मदत करायला लागले.

तासाभराने परत गेले तर काका बादलीपाशी उकिडवे बसले होते. बादली काठोकाठ भरली होती. त्यांनी बोट पाण्यात घातलं, काढलं, परत घातलं. शून्याचं पाणी त्यांच्या बोटाला ओळखीचं होतं, आणि हे त्याहून गार होतं. त्यांनी लादीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग स्वच्छ पाण्याचा तांब्या घेऊन त्या कडा धुतल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, आणि गोणपाट पुन्हा चारी बाजूंनी दाबून बसवलं. मी दारात उभी होते. माझ्या हाताला अजून मीठ होतं. मी तो मागे लपवला.

आप्पांनी बादली बघितली. "एवढं पाणी? तू तर म्हणाला व्हतास—"

खोलीत वीस-पंचवीस माणसं होती. काका उठले. मान खाली घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा अंदाज चुकला आप्पा. सकाळी दहापर्यंतच जाईल."

मागून एक बाई हळूच म्हणाली, "बायको गेली त्याची. कसं सुचणार." आप्पा म्हणाले, "मग सकाळीच आटपू. किती अडवायचं तिला. दिनेशला समजावू आपण."

काकांनी फक्त एवढंच म्हटलं, "सकाळ तर होऊ द्या."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पाय पुढे गेले नाहीत. इतक्या माणसांसमोर, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने काय केलं हे सांगायची मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, कोणी विचारलंही नाही. सगळ्यांनी काकांचं म्हणणं लगेच मानलं.

सकाळी शकूबाई भेटायला आली. मासळी बाजारातून तशीच आली होती. काकूंच्या पायाशी बसली, रडली. मग तिने बादली बघितली, पत्रा बघितला. "बर्फ सरला तुझा?" ती काकांना म्हणाली. "तीस वर्षं माझ्या मिठावरून शिव्या घातल्यास. आन् आज तुझाच सरला?"

"चुकला अंदाज, शकू."

शकूबाईने पत्र्याच्या कोपऱ्याकडे नीट बघितलं. तिथे धुवायचं राहून गेलेलं थोडं मीठ पांढरं दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. तिने पदराच्या टोकाने तो कोपरा पुसला आणि उठली.

"पोराला येऊ दे," ती आप्पांना म्हणाली. "मी आले तोपर्यंत हात लावू नका कोणी."

ती गेली आणि पाऊण तासात रिक्षातून गोणपाटात गुंडाळलेली अख्खी लादी घेऊन आली. तिचा त्या दिवशीचा बर्फ होता तो, थंडीत फक्त बाजारापुरताच बर्फ काढणाऱ्या अंबडच्या दुसऱ्या कारखान्यातून पहाटे आलेला. मासळी तिने शेजारणीच्या टोपलीत सारली होती.

"याला मासळीचा हात लागलेला नाय," ती म्हणाली.

"लागला असता तरी चाललं असतं," काका म्हणाले. "तिला आवडायची."

ती लादी काकांनी चारी बाजूंनी कोरडी पुसली आणि मगच लावली.

दिनेशदादा संध्याकाळी साडेपाचला आला. पाठीवरची सॅक न काढताच आईपाशी बसला. काकांनी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. काकू चहा करायला बसल्या होत्या तशाच दिसत होत्या, जराशा रागावलेल्या, जणू आता काहीतरी बोलतील. दिनेशदादा कितीतरी वेळ त्यांच्या कपाळावर हात ठेवून होता. बाहेर दिवे लागले. गंगेकडे, म्हणजे गोदावरीकाठच्या स्मशानाकडे, निघायच्या आधी काकांनी गोणपाट काढलं. खाली तळहाताएवढा एक तुकडा उरला होता. काकांनी तो उचलून बादलीत टाकला आणि बादली स्वतः बाहेर नेऊन रिकामी केली.

मला नंतर पंधरा दिवस नीट जेवण गेलं नाही. तेरावं झालं, दिनेशदादा परत गेला, कारखाना सुरू झाला. एका दुपारी मी काकांना कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर गाठलं आणि सांगून टाकलं की मीठ मी टाकलं होतं. आवाजामुळे मला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना मी रडत होते.

काका मला भिंतीच्या मागे घेऊन आले, जिथे जरा कमी आवाज होता.

"माहीत हाय," ते म्हणाले. "बारीक मीठ व्हतं. शकू असती तर जाडं टाकलं असतं."

"मग तुम्ही सगळ्यांना—"

"काय सांगायचं व्हतं? पोरीनं माझ्या बायकोसाठी घरातलं मीठ आणलं, ते?" त्यांनी भिंतीवर हात टेकला. "तुझं पुस्तक खोटं नाय. मिठानं थंड झालं, लय थंड झालं. पण आपल्याला थंडी नको व्हती. येळ पायजे व्हता. शून्यावर राहून बर्फ जितका येळ देतो, तितका कशानं देत नाय. हे तुझ्या पुस्तकात नसंल तर वहीत लिहून घे."

"पण लोक म्हणतात, तुमचा अंदाज चुकला."

"म्हणू दे. माझं नाव तीस वर्षांचं हाय, एवढं सोसतं. तुझं अजून व्हायचंय."

मी वहीत लिहून घेतलं. उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं की बर्फात मीठ टाकल्यावर काय होतं. मी म्हणाले, "थंड होतो सर, पण टिकत नाही." ते पुढच्या प्रश्नावर गेले.

या वर्षी मालकाने कारखाना बंद केला. जागेवर इमारत होणार आहे. काकांना पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या हंगामासाठी बोलावणं आलं. "नुसता गार वारा हाय तिथं," ते म्हणाले, "बर्फ नाय. पण आप्पाचं घर जवळ हाय." ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी गल्ली सगळी बाहेर आली होती. सामान फार नव्हतं. एक पेटी, एक गादी, आणि दह्याचं भांडं, जे त्यांनी टेम्पोत पुढे बसल्यावर मांडीवर घेतलं. शकूबाई खिडकीपाशी उभी होती.

टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, किती वेळात पोचू, सांगा अंदाज."

मागून कोणीतरी हसत म्हणालं, "त्यांना नको विचारू बाबा. एकदा चुकलाय."

सगळे हसले, प्रेमानेच. काकाही हसले. आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी दोन पावलं पुढे आले, तोंड उघडलं. काकांना ऐकू आलं नसतं, पण त्यांनी बघितलं. एका हाताने भांडं सांभाळत त्यांनी दुसरा हात खिडकीबाहेर काढला, तळवा खाली केला, आणि हवा हळूच दाबल्यासारखी केली.

टेम्पो वळेपर्यंत तो हात बाहेरच होता.